भागधारकाचं मत: वजन कुठे असतं आणि ते कसं वापरावं

ग्वाल्हेरला लष्करातल्या पाटणकर बाजारात किंवा त्याच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या कपाटात ‘ग्वाल्हेर रेयॉन’चं जुनं शेअर सर्टिफिकेट सापडलं, तर घरात पहिला प्रश्न निघतो तो भावाचा. आज याचे किती येतील? प्रश्न रास्त आहे. पण आजोबांनी तो शेअर घेतला तेव्हा पैशाबरोबर एक अधिकारही घेतला होता: कंपनीचा कारभार कुणी पाहावा, कोणते मोठे निर्णय घ्यावेत, यावर मत देण्याचा. भावाची चौकशी आपण वारंवार करतो, मताची मात्र वर्षानुवर्षं करत नाही. नोटीस येते, ईमेल येतो, न उघडताच राहतो.

‘आमचे शंभर-दोनशे शेअर, आमच्या मतानं काय होणार?’ असं पुष्कळ जण म्हणतात. सगळ्या ठरावांत लहान भागधारकाच्या मताला सारखं वजन नसतं, हे खरं आहे. पण काही ठराव असे असतात की तिथे मोठ्या भागधारकाला मतच देता येत नाही, किंवा त्याची मतं पुरत नाहीत. ते ठराव ओळखायचे आणि तिथे मत चुकवायचं नाही, एवढं शिकलं तरी पुष्कळ आहे. त्यासाठी लागणारी माहिती या लेखात क्रमानं देतो.

माणशी मत नाही, शेअरमागे मत

सहकारी पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत एका सभासदाला एकच मत असतं, मग त्याचे भाग दहा असोत की दहा हजार. कंपनीत तसं नसतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४७ प्रमाणे भरणा झालेल्या समभाग भांडवलात तुमचा जेवढा हिस्सा, तेवढं तुमच्या मताचं वजन. याला अपवाद करता येतो. टाटा मोटर्सनं २००८ मध्ये वेगळ्या मताधिकाराचे शेअर काढले होते. त्यात दहा शेअरमागे एकच मत होतं आणि त्या बदल्यात लाभांश थोडा जास्त मिळे. २०२४ मध्ये कंपनीनं ते रद्द करून दहा शेअरमागे सात साधे शेअर दिले. असे अपवाद थोडेच. बहुतेक कंपन्यांत एक शेअर म्हणजे एक मत.

कंपनी रोज चालवणं हे भागधारकाचं काम नाही. ते संचालक मंडळ करतं. भागधारक संचालक निवडतात, लेखापरीक्षक नेमतात, मोठ्या बदलांना मान्यता देतात किंवा नाकारतात. म्हणजे कारभारावरचा त्यांचा सगळा ताबा मतातूनच येतो. जुन्या काळी हा ताबाही दुबळा होता. ग्वाल्हेरात १९२१ मध्ये जियाजीराव कॉटन मिल्स उभी राहिली, त्या काळात देशातल्या बहुतेक मोठ्या गिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजंट करत असत. दीर्घ मुदतीच्या करारानं कंपनी त्यांच्या हाती असे आणि साध्या भागधारकाला त्यात फारसं काही बोलता येत नसे. ही पद्धत एप्रिल १९७० मध्ये कायद्यानं बंद झाली. आज तुमच्या हातात असलेला अधिकार त्यानंतर हळूहळू घडत आला आहे.

तीन आकडे लक्षात ठेवा: ५०, २५, १०

सर्वसाधारण ठराव मंजूर व्हायला विरोधातल्या मतांपेक्षा बाजूची मतं जास्त लागतात. वार्षिक हिशेब, लाभांश, संचालकांची नेहमीची नेमणूक, लेखापरीक्षकांची नेमणूक हे सगळं यात येतं. संचालकाला मुदतीआधी काढण्यासाठीही सर्वसाधारणपणे हाच ठराव पुरतो. म्हणून ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त मतं, त्याच्याकडे संचालक मंडळ.

विशेष ठरावाला विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूला लागतात, म्हणजे पडलेल्या मतांपैकी ७५ टक्के. कंपनीची नियमावली बदलणं, मुख्य उद्योग विकणं, भांडवल व राखीव निधीपेक्षा जास्त कर्ज काढणं, निवडक लोकांना नवे शेअर देणं, असे निर्णय यात येतात. २५ टक्क्यांहून थोडी जास्त मतं विरोधात गेली की ठराव पडतो.

दहा टक्के हिस्सा असलेले भागधारक, एकटे किंवा मिळून, कंपनीकडे विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याची मागणी करू शकतात. तेवढाच हिस्सा किंवा १०० भागधारक एकत्र आले, तर अन्याय आणि गैरव्यवस्थापनाची तक्रार घेऊन राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येतं.

हे ठरावाचे टक्के एकूण शेअरवर नाही, तर पडलेल्या मतांवर मोजतात. समजा, प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी उभारून तिचा कारभार हाती ठेवणाऱ्या गटाकडे, ४० टक्के शेअर आहेत. सगळ्यांनी मत दिलं तर ते अल्पमतात. पण एकूण ७५ टक्केच मतं पडली, तर त्याच ४० टक्क्यांचे ५३ टक्के होतात आणि सर्वसाधारण ठराव त्यांच्या एकट्याच्या जोरावर मंजूर होतो. जे घरी बसले त्यांनी आपलं वजन नकळत प्रवर्तकांच्या पारड्यात टाकलं. मत न देणं म्हणजे तटस्थ राहणं, हा समज इथेच चुकतो.

थोड्या शेअरवर मोठा ताबा

झी मराठी घराघरांत पाहिली जाते. तिच्या कंपनीत, म्हणजे झी एंटरटेनमेंटमध्ये, २०२१ साली प्रवर्तक कुटुंबाकडे जेमतेम ४ टक्के शेअर होते आणि तरी कारभार त्यांच्याकडेच होता. जवळजवळ १८ टक्के शेअर असलेल्या इन्व्हेस्को आणि तिच्या सहकारी फंडानं सप्टेंबर २०२१ मध्ये विशेष सभेची मागणी केली. प्रवर्तक कुटुंबातले व्यवस्थापकीय संचालक पुनीत गोएंका यांना संचालकपदावरून काढावं आणि नवे स्वतंत्र संचालक नेमावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. कंपनीनं नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं भागधारकांचा सभा मागण्याचा हक्क उचलून धरला. पुढे इन्व्हेस्कोनंच मागणी मागे घेतली. निकाल कुणाच्या बाजूनं लागला यापेक्षा भागधारकांसाठी त्यातलं तत्त्व मोलाचं: दहा टक्क्यांची अट पूर्ण असेल, तर ठराव आवडत नाही म्हणून संचालक मंडळाला सभा टाळता येत नाही.

ग्वाल्हेरची कंपनी, तिचा अनुभव

हे सगळं ग्वाल्हेरच्या कंपनीतूनच नीट समजतं. ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग (वीव्हिंग) कंपनीची नोंदणी २५ ऑगस्ट १९४७ ची, स्वातंत्र्यानंतर दहाच दिवसांची. १९८६ मध्ये तिचं नाव ग्रासिम इंडस्ट्रीज झालं. नोंदणीकृत कार्यालय आज नागद्याच्या बिर्लाग्राममध्ये आहे.

नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रासिमनं रिलायन्सकडून लार्सन अँड टुब्रोचे १०.०५ टक्के शेअर विकत घेतले, दर शेअरला ३०६ रुपये ६० पैसे या भावानं, एकूण सुमारे ७६६ कोटींना. बाजारात त्या वेळी भाव बराच खाली होता. लार्सनमध्ये बहुमत असलेला कुणी प्रवर्तक नव्हता, म्हणून दहा टक्के शेअर हे मोठं बळ होतं. जादा पैसे मोजले ते त्या बळासाठी. तो जादा भाव मात्र साध्या भागधारकाला मिळाला नाही. कारण त्या वेळच्या नियमाप्रमाणे इतर भागधारकांचे शेअर विकत घेण्याचा, सगळ्यांसाठी खुला देकार देण्याची मर्यादा १५ टक्के होती आणि हा सौदा तिच्या आत होता. पुढे मोठी ओढाताण झाली. आयुर्विमा महामंडळासारख्या संस्थांकडे लार्सनचा मोठा हिस्सा असल्यानं त्या काय करतात याला महत्त्व आलं. शेवटी तोडगा निघाला. लार्सनचा सिमेंट व्यवसाय वेगळा होऊन २००४ मध्ये ग्रासिमकडे गेला (आजची अल्ट्राटेक) आणि ग्रासिमकडचे लार्सनचे शेअर लार्सनच्या कर्मचाऱ्यांच्या विश्वस्त संस्थेनं घेतले. आज खुल्या देकाराची मर्यादा २५ टक्के आहे. त्याच्या आत राहून कुणी हिस्सा घेत असेल, तर तो किती भाव देतोय आणि त्या बदल्यात काय मागणार, हे पाहत जा.

दुसरा अनुभव २०१७ चा. आदित्य बिर्ला नुवो ही गटातलीच दुसरी कंपनी ग्रासिममध्ये विलीन झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये घोषणा झाल्यावर ग्रासिमचा शेअर घसरला होता. सिमेंट आणि धाग्याच्या कंपनीत आता दूरसंचार आणि वित्त व्यवसायातला हिस्साही येणार होता. तरी भागधारकांनी मान्यता दिली आणि विलीनीकरण झालं. त्यातून मताचं गणितही बदललं. ग्रासिममध्ये प्रवर्तकांचा हिस्सा आधी तीस टक्क्यांच्या थोडा वर होता, तो चाळीस टक्क्यांच्या जवळ गेला. विलीनीकरणाचा प्रस्ताव आला की आपण ‘किती शेअरला किती शेअर’ एवढंच पाहतो. त्यानंतर मतांची वाटणी कशी राहील, हेही तितकंच पाहायला हवं.

तुमचं मत खरोखर कुठे मोजलं जातं

पुढे दिलेले ठराव नोटिशीत दिसले, तर ते सोडू नका.

• संबंधित पक्षांशी व्यवहार. कंपनी आपल्याच प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीला माल विकते, जागा भाड्यानं देते, कर्ज देते. सूचीबद्ध कंपनीत असा व्यवहार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर भागधारकांची मान्यता लागते आणि संबंधितांना तो मंजूर करण्यासाठी मत देता येत नाही. मारुती सुझुकीत निम्म्याहून जास्त शेअर जपानी सुझुकीचे. तरी गुजरातचा कारखाना सुझुकीच्या मालकीचा ठेवण्याच्या प्रस्तावावर मान्यता इतर भागधारकांकडून घ्यावी लागली. २०१४ मध्ये फंडांनी आक्षेप घेतले, कंपनीनं अटी सुधारल्या आणि मग डिसेंबर २०१५ मध्ये मंजुरी मिळाली.

• वरिष्ठांचं मानधन. प्रवर्तक कुटुंबातल्या कार्यकारी संचालकाचं मानधन ठरावीक मर्यादेपलीकडे जात असेल, तर विशेष ठराव लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सनं सिद्धार्थ लाल यांच्या फेरनेमणुकीचा आणि मानधनाचा ठराव मांडला. प्रवर्तकांकडे जवळपास निम्मे शेअर असूनही सुमारे २७ टक्के मतं विरोधात गेली आणि ठराव पडला. कंपनीनं मानधनाची मर्यादा खाली आणून पुन्हा मान्यता मागितली, तेव्हा ती मिळाली.

• स्वतंत्र संचालक. सूचीबद्ध कंपनीत स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला विशेष ठरावाची अट आहे. लहान भागधारकांच्या हिताकडे लक्ष देण्याची जबाबदारी कायद्यानं त्यांच्यावर टाकली आहे. म्हणून ते प्रवर्तकांचे जुने सल्लागार आहेत का, मागच्या वर्षी किती बैठकांना हजर होते, हे पाहूनच मत द्या.

• शेअर बाजारातून बाहेर पडणं. कंपनीला सूचीतून नाव काढायचं असेल, तर प्रवर्तक सोडून इतर भागधारकांची विरोधातल्या मतांच्या किमान दुप्पट मतं बाजूनं लागतात. इथे प्रवर्तकांचे शेअर कितीही असोत, निर्णय तुमचाच.

आधी शेअर तुमच्या नावावर आणा

मत त्यालाच देता येतं ज्याचं नाव भागधारकांच्या नोंदीत आहे. वडील वारले आणि शेअर अजून त्यांच्याच नावावर असतील, तर वारस म्हणून हक्क तुमचा असला तरी नाव चढेपर्यंत मत देता येत नाही. म्हणून पुढचं काम आधी करा.

१. कंपनीचं आजचं नाव शोधा. ग्वाल्हेर रेयॉनचं सर्टिफिकेट असेल, तर ते ग्रासिमचं आहे.

२. त्यातून पुढे काय निघालं याचा हिशेब लावा. समजा, २०१० मध्ये घरात ग्रासिमचे ७० शेअर होते. त्या वर्षी सिमेंट व्यवसाय वेगळा होऊन समृद्धी सिमेंटमार्फत अल्ट्राटेकमध्ये गेला. एका ग्रासिमला एक समृद्धी आणि सात समृद्धीला चार अल्ट्राटेक, म्हणजे अल्ट्राटेकचे ४०. २०१६ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच झाले, म्हणजे ग्रासिमचे ३५०. २०१७ मध्ये पाच ग्रासिममागे आदित्य बिर्ला कॅपिटलचे सात मिळाले, म्हणजे ४९०. एका जुन्या कागदातून तीन कंपन्यांत मताचा हक्क निर्माण झाला आणि तिन्हींचा पाठपुरावा वेगवेगळा करावा लागेल.

३. कंपनीच्या निबंधक संस्थेशी, म्हणजे शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या एजन्सीशी, फोलिओ क्रमांक देऊन पत्रव्यवहार करा. पॅन, पत्ता, बँक खाते, स्वाक्षरी अद्ययावत करून घ्या.

४. मालक हयात नसेल, तर वारसाच्या नावे शेअर करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसाची ओळखपत्रं आणि मृत्युपत्र किंवा वारसा प्रमाणपत्र लागतं. रक्कम लहान असेल, तर कागदपत्रांत सवलत मिळते. नामनिर्देशन केलेलं असेल, तर काम पुष्कळ हलकं होतं. म्हणून स्वतःच्या खात्यांत ते आजच करून ठेवा.

५. शेअर डीमॅट करून घ्या. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरची विक्री करून हस्तांतर होत नाही.

६. सलग सात वर्षं लाभांश घेतलेला नसेल, तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. तिथे असेपर्यंत त्यांचा मताधिकार गोठलेला असतो. निधीच्या संकेतस्थळावर नाव शोधून आयईपीएफ-५ हा अर्ज भरून ते परत मिळवता येतात. हा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. ‘शेअर सोडवून देतो, निम्मी रक्कम आमची’ म्हणणाऱ्यांच्या कागदावर घाईनं सही करू नका.

नोटीस कशी वाचावी, मत कसं द्यावं

मार्चअखेर हिशेबाचं वर्ष संपतं आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते. म्हणून जुलै ते सप्टेंबर हे दिवस महत्त्वाचे. सभेची नोटीस किमान २१ दिवस आधी येते. ती हाती आली की आधी ठरावांची यादी पाहा आणि प्रत्येकासमोर ‘सर्वसाधारण’ की ‘विशेष’ हे लिहा. मग ठरावांमागे जोडलेलं स्पष्टीकरण वाचा, कारण खरी माहिती तिथे असते. व्यवहार कुणाशी, किती रकमेचा, किती वर्षांसाठी, बाजारभावानं आहे की नाही. मानधन नफ्याच्या किती टक्के. संचालक आणखी किती कंपन्यांवर आहेत.

त्याबरोबर शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या मालकीचा ताजा तक्ता पाहा. तो दर तिमाहीनंतर २१ दिवसांच्या आत जाहीर होतो. प्रवर्तक किती, म्युच्युअल फंड किती, परदेशी संस्था किती, सामान्य लोक किती आणि प्रवर्तकांचे किती शेअर तारण आहेत, हे सगळं त्यात असतं. प्रवर्तकांचा मोठा हिस्सा तारण असेल, तर भाव कोसळल्यावर मालकीच बदलू शकते, हे ध्यानात ठेवा.

सूचीबद्ध कंपनीत ई-मतदान बंधनकारक आहे, त्यामुळे मुंबईला किंवा नागद्याला जायची गरज नाही. नोटिशीत दिलेल्या कट-ऑफ तारखेला शेअर तुमच्या नावावर असायला हवेत. मतदान किमान तीन दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता संपतं. एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या संकेतस्थळावर आपल्या डीमॅट खात्यानं लॉगिन करून प्रत्येक ठरावावर वेगळं मत देता येतं. कागदी शेअरवाल्यांना फोलिओ क्रमांकावरून मत देता येतं. दिलेलं मत बदलता येत नाही, म्हणून आधी ठरवून मगच बटण दाबा. आधी मत दिलं असलं तरी सभेला हजर राहता येतं, फक्त पुन्हा मत देता येत नाही. सभा दूरदृश्य पद्धतीनं असेल, तर वक्ता म्हणून आधी नाव नोंदवा आणि प्रश्न लेखी पाठवा. लेखी प्रश्न नोंदीत राहतो.

घरातल्या ज्येष्ठांना संगणकावर जमत नसेल, तर शेजारी बसून मदत करा. पासवर्ड आणि ओटीपी मात्र त्यांचा त्यांच्याकडेच राहू द्या. निर्णयही त्यांचाच असू द्या.

सभेनंतर दोन कामकाजी दिवसांत निकाल जाहीर होतो. त्यात प्रवर्तक, संस्था आणि इतर भागधारक यांची मतं वेगवेगळी दाखवलेली असतात. ठराव मंजूर झाला तरी इतर भागधारकांच्या रकान्यात मोठा विरोध असेल, तर संचालक मंडळाला तो दिसतो, वर्तमानपत्रांना दिसतो आणि पुढच्या ठरावाआधी विचार करावा लागतो.

शेअर नाहीत, फक्त म्युच्युअल फंड असेल तर

फंडातल्या शेअरचं मत तुम्ही देत नाही, फंड घराणं देतं. एप्रिल २०२२ पासून फंडांना सगळ्या ठरावांवर मत देणं सक्तीचं आहे आणि कोणत्या ठरावावर काय मत दिलं, का दिलं, हे त्यांना संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. तुमच्या पैशाच्या जोरावर ते मत पडतं, म्हणून वर्षातून एकदा तरी ते पाहा. मोठ्या कंपन्यांतल्या वादग्रस्त ठरावांवर फंडानं विरोध केला की डोळे झाकून होकार दिला, यावरून तो फंड तुमचे पैसे किती जागरूकपणे सांभाळतो हे कळतं.

एकट्यानं नाही, मिळून

कायद्यानं लहान भागधारकांसाठी आणखी काही वाटा ठेवल्या आहेत. सूचीबद्ध कंपनीत दर्शनी किमतीनं २० हजार रुपयांपर्यंतचे शेअर असलेले किमान एक हजार भागधारक, किंवा अशा भागधारकांपैकी एक दशांश, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे एकत्र आले, तर आपला एक संचालक निवडण्याची मागणी करू शकतात. मोठा गैरव्यवहार झाला, तर सामूहिक दावाही करता येतो. या वाटा सोप्या नाहीत, पण त्या वापरण्याआधी जी सवय लागते, ती साध्या मतदानानंच लागते.

कुटुंबातल्या एकानं ही जबाबदारी घ्यावी. सगळ्या शेअरची यादी, फोलिओ, डीमॅट क्रमांक आणि सभांच्या तारखा एका वहीत लिहाव्यात. यंदाच्या सभांमध्ये किमान एक संबंधित पक्षांचा व्यवहार आणि एक विशेष ठराव पूर्ण वाचून, त्यावर घरात चर्चा करून मत द्यावं. प्रवर्तक आपली सगळी मतं दर वर्षी न चुकता देतात. आपणही आपली दिली, तर कंपनीच्या कारभारात आपल्या मालकीइतकं वजन आपल्याला मिळतं.